भिगवणला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताय? आधी हे वाचा

पक्ष्यांचे फोटो काढायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी ताडोबाचं नाव घेत नाही, भिगवणचं घेते. वाघ दिसला तर मिनिटभर दिसतो, तोही बांबूच्या आड. नवशिक्याला कॅमेऱ्यात काय चुकतंय ते कळायच्या आत तो निघून गेलेला असतो. भिगवणला समोर उघडं पाणी असतं, उथळात पक्षी चरत असतात आणि एकाच रोहिताचे (फ्लेमिंगोचे) तुम्ही अर्धा तास फोटो काढू शकता. पहिला फोटो पांढराफटक आला तर सेटिंग बदला, पुन्हा काढा. हात बसायला यापेक्षा चांगली जागा पुणे-सोलापूर रस्त्यावर तरी नाही.

ज्यांना हा भाग नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: भीमेवर सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण आहे, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. त्याचं पाणी मागे पार पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात आणि त्याच्याही वर पसरतं. या जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण बोलताना सगळे 'उजनीचं बॅकवॉटर' किंवा नुसतं 'धरणाचं पाणी' म्हणतात. या पाण्याकाठचं बाजाराचं गाव म्हणजे भिगवण.

खाली कॅमेऱ्याची माहिती आहेच, पण त्याहून जास्त भर नावाड्याशी काय बोलायचं आणि होडी कुठे थांबवायची यावर आहे. भिगवणचा फोटो तिथे ठरतो. लेन्स किती मोठी, हा प्रश्न त्यानंतरचा.

१. तारीख ठरवण्याआधी उजनीची टक्केवारी बघा

'डिसेंबरात रोहित येतात' एवढं ऐकून लोक सुट्टी टाकतात, आणि येऊन बघतात तर पाणी उसाच्या बांधाला टेकलेलं, रोहिताचा पत्ता नाही. कारण साधं आहे. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. धरण तुडुंब असेल तर काठापासूनच पाणी खोल, मग त्याने उभं कुठे राहायचं? पाणी उतरायला लागलं, चिखलाचे पट्टे उघडे पडले, की थवे येतात.

म्हणून महिना बघून भागत नाही, पातळी बघावी लागते. ती शोधायला कष्ट नाहीत, कारण उजनीचा साठा सोलापूरच्या वर्तमानपत्रांत नियमित छापून येतो. धरणाची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा आहे. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची, म्हणून उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते तेव्हाही धरणात पाणी असतंच. आपल्यापुरता हिशोब असा: आकडा शंभराला चिकटून बसला असेल तर घाई करू नका. रब्बीसाठी कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी सुटली आणि आकडा रोज थोडा थोडा खाली यायला लागला की तयारीला लागा.

साधारणपणे बदकं, कुरव (गल) आणि सुरय (टर्न) नोव्हेंबर अखेरपासून दिसू लागतात. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस, हिमालय ओलांडून येतात आणि ऊन तापायच्या आत परततात. रोहित मात्र पाण्याच्या मर्जीवर: कधी डिसेंबरात, कधी थेट फेब्रुवारीत. दोन्ही गाठायचे असतील तर पहिल्या फेरीसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मी सुचवते. निघायच्या आदल्या आठवड्यात ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भिगवण आणि कुंभारगावच्या ताज्या नोंदी बघा, कोणी किती रोहित मोजले ते तिथे तारखेनिशी कळतं. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. एका थव्याभोवती सात-आठ होड्या जमल्या की कुणालाच फोटो मिळत नाही, पक्ष्यांना तर खायलाही मिळत नाही.

२. जायचं कसं, राहायचं कुठे

पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण शंभर किलोमीटर. रेल्वेने यायचं तर दौंडच्या पुढे भिगवण स्टेशन आहे, पण तिथून काठावरच्या गावापर्यंत गाडीची सोय आधीच सांगून ठेवा.

होड्या मुख्यतः कुंभारगाव आणि डिकसळ इथून सुटतात. मुक्काम काठावरच्या गावातच करा. पुण्याहून पहाटे निघून पोचू, हा बेत कागदावर बरा दिसतो, प्रत्यक्षात तुम्ही साडेआठला होडीत बसता आणि सगळ्यात चांगला उजेड यवतच्या आसपास गाडीत संपलेला असतो. गावात घरगुती राहण्याची सोय होते. जेवायला भाकरी आणि उजनीचे मासे, चिलापी नाहीतर मरळ. शाकाहारी असाल तर पिठलं-भाकरीचं आदल्या दिवशीच सांगा.

३. बरोबर काय घ्यायचं

• कॅमेरा आणि किमान ३०० मिमीपर्यंत पोचणारी लेन्स. क्रॉप सेन्सरवर ती साधारण ४५० मिमीइतकी जवळ आणते, सुरुवातीला एवढं पुरतं. १५०-६०० सारखी मोठी लेन्स पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यानेही मिळते. पहिल्याच फेरीसाठी विकत घेऊ नका.
• एक रुंद लेन्स किंवा चांगला मोबाइल, दृश्यांसाठी.
• दोन कार्ड, दोन बॅटऱ्या. पहाटेच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची खिशात अंगाला लागून ठेवा.
• बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची उशी. जाड कापडाची पिशवी घरी शिवा आणि भिगवणच्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा, येताना तांदूळ घरी वापरा.
• लेन्सचं हूड आणि दोन कोरडी सुती फडकी. होडीत पाण्याचे शिंतोडे उडतातच.
• कॅमेरा गुंडाळायला मोठी प्लास्टिकची पिशवी.
• ८×४२ दुर्बीण असेल तर जरूर.
• मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे कपडे, कानटोपी, जर्किन. जानेवारीत पाण्यावरचा वारा बोचतो. पांढरा आणि भडक रंग नको.
• आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. मुक्कामाला लागतं आणि गवताळ रानाच्या सफारीलाही (मुद्दा ८) लागतं. सफारीच्या बुकिंगची पावती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.
• सुटे पैसे.

तिपाई (ट्रायपॉड) होडीसाठी आणू नका. होडी हलते, तिच्याबरोबर तिपाईही हलते, वर जागा अडते ती वेगळीच. काठावरून सूर्योदय काढायचा असेल तरच आणा. ड्रोन घरी ठेवा. डोक्यावर काहीतरी घोंघावत आलं की थवा ते शिकारी पक्षी समजून उठतो, आणि एकदा उठलेला थवा पुन्हा त्याच जागी बसेलच असं नाही.

४. आदल्या रात्री कॅमेरा लावून ठेवा

अंधारात, गार पडलेल्या बोटांनी मेन्यू शोधत बसायचं नाही. हे सगळं रात्री जेवण झाल्यावर करा.

फोटो रॉ प्रकारात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात साठवा. रोहित पांढरा, त्यावर गुलाबी झाक, समोर चकाकणारं पाणी. यात एखादा भाग जास्त उजळ झाला तर जेपेगमध्ये तो सावरता येत नाही.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, निकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर चालू करा. फोटोंची सलग सरबत्ती घेणारी सोयही चालू ठेवा, पण बोट सतत दाबून ठेवायची सवय लावून घेऊ नका, नाहीतर घरी येऊन हजार सारखे फोटो चाळत बसाल.

शटरचा वेग (सेकंदाचा कितवा भाग) हा पहिला आकडा. बसलेल्या पक्ष्यालाही होडीतून १/१००० च्या खाली जाऊ नका, हलते आहे ती होडी. उडणाऱ्यासाठी १/२०००, आणि सुरय किंवा कुरवासारख्या चपळ पक्ष्याला १/२५००. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, लेन्सचं सगळ्यात मोठं, बहुतेक झूमवर ते एफ/५.६ किंवा एफ/६.३ असतं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० लावा. ऊन वर आल्यावर १/२०००, एफ/६.३ ला आयएसओ आपोआप ४०० च्या आसपास येतो. सूर्य उगवताना तोच दोन-तीन हजारांवर जातो, त्याला घाबरू नका. दाणेदार पण रेखीव फोटो सुधारता येतो, हललेला कशानेच सुधारत नाही.

आता नवशिक्यांचे सगळ्यात जास्त फोटो ज्यात जातात ते. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा गडद पाण्याच्या नादाने सगळंच उजळ करतो, आणि रोहिताची पिसं सपाट पांढरी होतात. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ किंवा उणे १ करा. उलट, फिक्या आभाळावर काळपट पक्षी, म्हणजे पाणकावळा किंवा मोर शराटी, उडत असेल तर अधिक १ करावं लागतं. उजळून गेलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. पिसांवर लुकलुक दिसली की कमी करा, एवढं साधं ठेवा.

शेवटचं, आडवी रेषा दाखवणारी सोय चालू करा. होडीतून क्षितिज तिरकं येतं आणि पाणी एका बाजूला सांडल्यासारखं दिसतं.

५. नावाड्याशी काठावरच बोलून घ्या

इथले नावाडी बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतले. पाणी कुठे किती खोल, काल संध्याकाळी थवा कुठे होता, कैकर (मासे धरणारा शिकारी पक्षी) रोज कुठल्या वाळक्या खोडावर मासा घेऊन बसतो, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याशी भाडेकरूसारखं न बोलता साथीदारासारखं बोला. दादा, काका म्हणा, चहा एकत्र घ्या, आणि निघायच्या आधी या गोष्टी ठरवा:

• दर माणशी की होडीचा? किती तासांचा? वाढीव वेळेचा किती?
• आपल्याबरोबर दुसरं कुणी बसणार का? फोटोसाठी एका होडीत कॅमेरेवाले तिघांच्या वर नकोत.
• निघायचं किती वाजता? जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला होडी पाण्यात हवी.
• इंजिन कुठे बंद करायचं? थव्यापासून लांबच बंद करून पुढे वल्ही किंवा बांबूने जाऊ, हे आधीच ठरवा.
• लाइफ जॅकेट आहेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'लागत नाही हो इथं' असं आलं तर दुसरी होडी बघा. मे २०२४ मध्ये याच पाण्यावर, करमाळ्याच्या बाजूचं कुगाव आणि इंदापूरकडचं कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचे जीव गेले. पाणी शांत दिसतं तेव्हाही ते धरणाचं पाणी आहे, तळ्याचं नाही. वारा उठायला लागला आणि नावाडी परत फिरू म्हणाला, तर फोटोसाठी त्याला आग्रह करू नका.

आणखी दोन गोष्टी स्वतः होऊन स्पष्ट सांगा. एक: 'आम्हाला थवा उडवून नको.' पुष्कळ पर्यटकांना रोहित उडताना हवे असतात, म्हणून होडी वेगाने थव्यात घालायची पद्धत पडते. नावाड्याला वाटतं, गिऱ्हाईक खूश होतंय. तुम्ही नको म्हणालात की त्यालाही बरं वाटतं, कारण उडालेला थवा दुसऱ्या काठाला गेला तर पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय दाखवणार? दोन: कुरवांना शेव-गाठी टाकायची नाही. जवळून फोटो मिळतात हे खरं, पण तळलेलं, मिठाचं खाणं त्या पक्ष्यांचं नाही, आणि फोटोतही चोचीत शेव दिसते.

६. पाण्यावर

होडीत उभं राहायचं नाही, फळीवरही बसायचं नाही. शक्य असेल तर तळाशी मांडी घाला आणि कोपर किंवा बीनबॅग काठावर टेका. तोल सांभाळतो हे झालंच, पण खरा फायदा फोटोत दिसतो. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं पाणी येतं. डोळ्याच्या उंचीवरून काढला की मागचा काठ दूर जातो, धूसर होतो, आणि उसाचे फड, पाण्याच्या मोटारी, विजेचे खांब सगळं त्यात विरून जातं. शंभर मिमीची जादा लेन्स घेऊन जो फरक पडत नाही तो खाली बसून पडतो.

होडी सरळ थव्याकडे नेऊ नका. आधी मोठा वळसा घालून सूर्य पाठीशी घ्या, मग तिरकं तिरकं जवळ जा. थोडं जायचं, थांबायचं, दोन-तीन मिनिटं काहीच करायचं नाही, पुन्हा थोडं. या थांबण्यात तुम्ही पक्षी बघा, कॅमेऱ्याचा पडदा नाही. रोहित निवांत असेल तर त्याचं डोकं पाण्यात उलटं असतं, पाय जागच्या जागी चिखल तुडवत असतात, मधूनच 'गा-गा' असा हंसासारखा आवाज येत असतो. काठाकडचा एखादा मान वर काढतो. मग दुसरा. इथे थांबा. सगळ्यांच्या माना एकदम उभ्या झाल्या आणि थवा एकाच दिशेला चालायला लागला तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. होडी मागे घ्या, खरंच मागे घ्या. बहुतेक वेळा माना पुन्हा खाली जातात आणि थोड्या वेळाने थवा स्वतःच चरत चरत तुमच्याकडे सरकतो. त्यानंतर जे फोटो मिळतात ते पाठलाग करून कधीच मिळत नाहीत: चोचीतून ओघळणारं पाणी, डोळ्याचं फिकं पिवळं बुबुळ, गुलाबी मोठ्यांच्या मध्ये राखाडी पिल्लं.

मग पंख उघडलेला फोटो कधी? रोहिताला अग्निपंख उगाच म्हणत नाहीत, पंखाखालचा लाल आणि काळा रंग उघडल्यावरच दिसतो. घाई नको. रोहित चरता चरता अंग ताणतात, एक पंख आणि एक पाय मागे सोडतात, कधी दोन्ही पंख क्षणभर उभारून मिटतात. एकावर नजर ठेवून बसलात तर हे हमखास मिळतं. आणि सकाळी थवे स्वतःहूनही जागा बदलतात. उडण्याआधी रोहित पाण्यावर बरीच पावलं धावतो, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. उतरतानाही तोंड वाऱ्याकडेच. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर लागत असेल तर उतरणारा पक्षी समोरून तुमच्याकडे येतो. सकाळी पूर्वेचा वारा असला की सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी जुळतात. होडी लावताना नावाड्याला हे सांगा, त्याला लगेच कळतं, त्याचं सगळं आयुष्य वाऱ्यावर बेतलेलं आहे.

चौकट घेताना दोनच गोष्टी बघा. पाय कापू नका, आणि प्रतिबिंब घेत असाल तर पूर्ण घ्या, अर्धं प्रतिबिंब डोळ्याला टोचतं. दुसरं, अख्खा थवा एका फोटोत कोंबण्याऐवजी कडेचे दोन-तीन पक्षी निवडा, ज्यांच्या माना एकमेकींवर येत नाहीत असे.

रोहितांच्या नादात बाकीच्यांना विसरू नका. शिकायला तर तेच जास्त चांगले. शेकाट्या लांब लाल पायांवर अगदी जवळ फिरतो. चित्रबलाक मोठा, संथ, उडताना फोकसचा सराव करायला उत्तम. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी फडफडत राहतो आणि मग दगडासारखा सूर मारतो. त्याचा तो फडफडता क्षण पकडा, सूर पकडायच्या मागे लागू नका. चक्रवाकाच्या जोड्या नारिंगी रंगामुळे सकाळच्या उजेडात झळाळतात, पण फार सावध, त्यांना लांबूनच घ्या. वाळक्या खोडावर कैकर मासा फाडत बसला असेल तर होडी लांब थांबवा. त्याने तो मासा टाकून उडून जावं यासारखं वाईट काही नाही.

साडेनऊ-दहानंतर लांबचे फोटो मऊ, थरथरल्यासारखे यायला लागतात. नवशिक्यांना वाटतं लेन्स खराब आहे. ती तापलेल्या हवेची थरथर असते, कुठलीही महागडी लेन्स त्यातून वाचत नाही. तेव्हा लांबच्या पक्ष्यांवर कार्ड भरू नका, परत फिरा आणि नाश्ता करा.

७. नुसतं पाणीही बघा

मोठी लेन्स लावून बसलेल्या माणसाला समोरचं दृश्य दिसेनासं होतं. सूर्योदयाआधीची वीस मिनिटं त्यासाठीच ठेवा. पाण्यावर धुकं असतं, मासेमारांच्या होड्या जाळी ओढत असतात, बुडालेल्या झाडांची खोडं वर आलेली असतात. एफ/८ किंवा एफ/११, उजेड आभाळाचा धरा, होडी आणि माणूस काळ्या आकृतीत येऊ द्या. यात मोबाइलही उत्तम काम करतो. मोबाइलचा झूम मात्र वापरू नका, रुंदच काढा.

मासेमारांचे फोटो काढण्याआधी विचारा. जाळं ओढताना माणूस थांबू शकत नाही, म्हणून लांबून हात करा, मान हलली की काढा.

उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं तर महामार्गावरच्या पळसदेवला थांबा. जुन्या गावाबरोबर बुडालेलं पळसनाथाचं दगडी मंदिर तेव्हा पाण्यातून वर येतं, आधी शिखर, आणि पाणी फारच हटलं तर सगळं मंदिर. संध्याकाळचा तिरपा उजेड कोरीवकामावर पडतो तेव्हा काढा. शिळांवर चढू नका. पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेलं बांधकाम आहे, आणि गावकऱ्यांचा तो देव आहे.

८. दुपार कडबनवाडीला

होडीतली सकाळ संपली की लोक पुण्याला परततात. तुम्ही थांबा. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं गवताळ रान आहे: चिंकारा, खोकड, लांडगा, आणि गवताला लागून खालून तरंगत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी. बाहेरून 'पडीक माळ' वाटतो, पण धाविक, पखुर्डी, चंडोल या पक्ष्यांना झाडं नको असतात, असंच रान लागतं. वनविभागाने इथे आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला नोंदणी करून गवताळ सफारी सुरू केली आहे. नोंदणी ऑनलाइन करून, स्थानिक वाटाड्या घेऊनच जा.

इथे गाडी हाच तुमचा आडोसा. उतरायचं नाही. काच खाली करा, बीनबॅग दारावर ठेवा, इंजिन बंद. इंजिन चालू असलं की लेन्स थरथरते. चिंकारा गाडीला फारसा बुजत नाही, पण दार उघडलं की क्षणात पसार. पायवाट सोडून गवतात गाडी घालू नका, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी इथे आहेत आणि त्यांची घरटी म्हणजे नुसता खळगा असतो, चाकाखाली आला तरी कळत नाही.

लांडगा दिसला तर नशीब समजा आणि आहे तिथून काढा. त्याची गुहा कुठे आहे हे वाटाड्याला विचारू नका, त्याने आपण होऊन सांगितलं तरी जाऊ नका. धनगरांचे वाडे आसपास असतात. त्यांच्याशी बोला, लांडगा कसा वागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, मेंढ्यांची झळही त्यांनीच सोसलेली असते.

९. घरी आल्यावर

पहिलं काम, कार्ड पुसायच्या आधी दोन ठिकाणी प्रत. मग निवड: डोळा रेखीव नाही तो फोटो काढून टाका, बाकी कितीही आवडला तरी. रंग वाढवताना हात आखडता ठेवा. रोहित मुळात पांढरा-गुलाबी आहे, त्याला जास्वंदीच्या रंगाचा करून टाकलेले फोटो फार फिरतात.

फोटो टाकताना जागेचा विचार करा. रोहित, बदकं, कुरव यांच्यासाठी भिगवण लिहायला हरकत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. लांडगा, तरस, घुबड आणि कुठल्याही घरट्याच्या फोटोवर मात्र फक्त जिल्हा लिहा, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोतली जीपीएसची माहिती आधी काढून टाका.

दिसलेले पक्षी मोजून ईबर्डवर नोंदवा, तुमच्या पुढच्याला तारीख ठरवायला त्याचाच उपयोग होतो. नावाड्याला त्याच्या होडीतून काढलेले चार चांगले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पुढच्या गिऱ्हाइकाला तो तेच दाखवतो.

आणि निवड करताना प्रत्येक फोटोत पाय आणि मान मोठी करून बघा. पट्टकादंबाच्या मानेत पट्टा किंवा रोहित, कुरव, शेकाट्याच्या पायात कडं दिसलं, तर तो पक्षी कुणीतरी कुठेतरी नोंदवून सोडलेला आहे. रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, कोणत्या पायात, तारीख आणि जागा लिहून फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी कुठून निघाला होता, ते अशा कळवण्यातूनच समजतं.